कणीचा आवाज

११ नोव्हेंबर १९९०, रविवार

ह्यांनी कंपनीतून आणलेली ही डायरी जानेवारीपासून कोरीच पडली होती. आज लिहायला घेतली, कारण आजचं कुणाला सांगण्यासारखं नाही.

चुलतभावाच्या लग्नाला पालघरजवळच्या माहीमला गेलो होतो. बन्सीदादा येणार हे माझ्या आईने, माईने, आधीच कळवलं होतं. बन्सीदादा म्हणजे आमच्या गावच्या नाटकांचा दिग्दर्शक. आता मुंबईत आवाजाच्या स्टुडिओत मोठा माणूस झालाय. लग्नाआधी मी त्याच्या नाटकांत कामं करायचे, गायचेही. पालघरच्या स्पर्धेत मला बक्षीस मिळालं त्या दिवशी तो म्हणाला होता, "मंदा, तुझ्या गळ्यात खूप माणसं राहतात." संसाराच्या धबडग्यात पुष्कळ गोष्टी विसरले, हे वाक्य नाही विसरले.

पिस्ता रंगाची साडी नेसले होते. जेवणं झाल्यावर तो ओट्यावर बसला, तेव्हा पानाचं तबक घेऊन मीच गेले.

"काय मंदा, अजून गातेस की सोडलंस?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात मागच्या वाडीतून आमच्या पारूचा आवाज आला. मोठी पोरं चिंचेवर चढली होती आणि हिला वर घेत नव्हती. "मी बारकी हाय तर काय झाला? चिंच काय तुमच्या बापाची हाय?"

बन्सीदादा उठून उभा राहिला. "ही कोणाची?"

"माझी."

"आवाज ऐकलास तिचा?"

नऊ वर्षं ऐकतेय. तो म्हणाला, एक कार्टूनची मालिका आहे, 'वज्रपंचक'. चित्रं तयार आहेत, मराठी आवाज भरायचे आहेत. पाच शूरवीर दुष्टांशी लढतात. त्यातली सगळ्यात धाकटी कणी. तांदळाच्या कणीएवढी लहान होते आणि कुठल्याही फटीतून आत शिरते. कणीसाठी हवा तसा आवाज मिळेना म्हणून काम अडलंय. पारूला दादरला घेऊन ये.

मी गाते की सोडलं, हे त्याने परत विचारलं नाही.

२४ नोव्हेंबर, शनिवार

आठवडाभर पारूची तयारी करून घेतली. 'हाय' नाही, 'आहे'. 'पन' नाही, 'पण'. मीही एके काळी अशीच घोकून घोकून शुद्ध झाले. नाहीतर मोलकरणीच्या कामापुढे मला कोणी जाऊ दिलं नसतं.

स्टुडिओ म्हणजे भिंतींना गोणपाट ठोकलेली एक कोंदट खोली. पारू मायक्रोफोनपर्यंत पोचेना, म्हणून तिला खोक्यावर उभं केलं. समोर पडद्यावर कणी आली. दोन वेण्या, आणि पाठीवरचा झगा इतका लांब की जमिनीवर लोळतोय. बाकीचे चौघे तिला मागे ठेवून उडून जातात आणि ती चिडते, असा प्रसंग.

पारू माझ्या शिकवण्याप्रमाणे अगदी स्वच्छ बोलली. बन्सीदादाने मध्येच थांबवलं.

"मंदा, ही तू बोलतेयस. मला ती हवीय." मग पारूजवळ जाऊन म्हणाला, "चिंचेवर घेत नव्हते तेव्हा कशी बोललीस? तसं बोल."

पारूने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हलवावीच लागली.

"मी बारकी हाय म्हनून मला नेत नाय? आनि दाराखालून कोन जानार मग? तुमी?"

कणीचं तोंड आणि पारूचा शब्द असे जुळले की काचेपलीकडची माणसं हसायला लागली. एकाने टाळी वाजवली. ज्या बोलण्याबद्दल मला चार लोकांत कान पकडायला लावले होते, त्याच बोलण्याला आज टाळी.

परत येताना पारू माझ्या खांद्यावर झोपली. मला आनंद झाला आहे. कुठल्याही आईला होईल.

३ डिसेंबर, सोमवार

ह्यांनी कंपनीच्या बसमध्ये पेढे वाटले. एरवी शिफ्टवरून आले की बोलायलाही त्राण नसतं, आज मात्र दारातूनच सुरू. "सगळे विचारत होते, रामनाथ, पोरगी कोणावर गेली रे? मी सांगितलं, आईवर."

चांगल्या मनाने म्हणाले. पण दुपारभर भांडी घासताना तेच डोक्यात. ती माझ्यावर गेली. मग मी कुठे गेले? मी बोईसरला आले. स्टेशनमागच्या दोन खोल्यांत आणि पाण्याच्या रांगेत.

१६ डिसेंबर, रविवार

आज मला खोलीच्या बाहेर बसवलं.

पारू बोलत होती, मी कोपऱ्यात उभी होते. बन्सीदादा हळूच येऊन म्हणाला, "मंदा, तुझे ओठ हलतात. पोरगी पडदा सोडून तुझ्याकडे बघते. तू जरा बाहेर बस."

बाहेर बाकडं आहे. चहावाला पोऱ्या येऊन कप विसळून गेला. दाराला एक छोटी काच आहे, तिच्यातून आतलं दिसतं पण ऐकू येत नाही. पारूचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, माणसं हसत होती.

आज मेघाचं काम करणारी बाई पहिल्यांदाच आली. मेघा म्हणजे त्या पाचांतली थोरली. केस कापलेली, मुंबईची बाई. सुट्टीत तिने पारूला मांडीवर बसवून संत्रं सोलून दिलं. पारूने तिच्या हातून खाल्लं. घरी संत्र्याला हात लावत नाही.

गाडीत पारूचं एकच. "आई, मेघाताई काय छान बोलते ना!"

म्हटलं, "हो. दात पाहिलेस का तिचे? तंबाखू खात असणार."

पारू खिडकीकडे वळली. मला वाईट वाटलं नाही. खरं तेच सांगितलं.

१२ जानेवारी १९९१, शनिवार

पारू काल मैत्रिणीबरोबर घिवलीला गेली होती. दिवसभर समुद्राच्या वाऱ्यात ओरडून आली आणि आज घसा बसला. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, दोन दिवस गुळण्या करू दे, बोलू देऊ नका." उद्या रेकॉर्डिंग आहे. शिवाय सव्वीस जानेवारीला शाळेत भाषण करायलाही तिलाच निवडलंय. सगळीकडे तीच.

वाण्याकडून बन्सीदादाला फोन लावला. लागला नाही. परत लावता आला असता, पण दुकानात गर्दी होती. त्यापेक्षा आपण जाऊन सांगितलेलं बरं.

पिस्ता साडीला इस्त्री केली.

१३ जानेवारी, रविवार

काय लिहू!

मला एकटीला पाहून बन्सीदादाने कपाळावर हात मारला. सगळे आवाज जमले होते, खोलीचं भाडं चालू होतं. मी म्हटलं, "दादा, मी बघू का करून? पारूचं सगळं मला पाठ आहे." तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. नुसतं खोक्याकडे बोट केलं. मला खोक्याची गरज नव्हती. तो मी पायाने बाजूला सरकवला.

आजचा प्रसंग असा. दुष्ट राक्षस कणीला काचेच्या बाटलीत कोंडतो. ती आतून हाका मारते आणि बाकीचे चौघे बाटलीच्या शेजारून निघून जातात. त्यांना ऐकूच येत नाही.

दिवे मालवले. बाटलीतली कणी दिसली आणि मी बोलायला लागले. पारूसारखं बोलायचं असं ठरवलं होतं, पण दुसऱ्या वाक्यापासून पारू माझ्या डोक्यातच नव्हती. "मी हितं हाय! अरे, मी हितंच हाय! बघा ना कोनीतरी!" ते 'हाय' कुठून आलं? इतकी वर्षं घासूनपुसून काढलं होतं, ते गळ्यात तसंच बसून होतं.

संपलं तेव्हा कोणी हसलं नाही. टाळीही नाही. तंबाखूवाली बाई डोळे पुसत होती. यंत्रावर बसणाऱ्याने विचारलं, "पारू कधी आली?" त्याने पाहिलंच नव्हतं कोण बोलतंय ते!

बन्सीदादा म्हणाला, "निभावलंस. पुढच्या रविवारी तिला घेऊन ये."

निभावलंस म्हणे. एवढंच.

१६ जानेवारी, बुधवार

सकाळी पारूने खिडकीतून दूधवाल्याला हाक मारली. घसा मोकळा झालाय असं वाटतं. पण असं वाटण्यावर जाऊ नये. इथल्या डॉक्टरांना कंपनीच्या धुराने खोकणारी माणसं तपासायची सवय, लहान मुलीच्या नाजूक गळ्याचं त्यांना काय कळणार? एकदा आवाज फाटला की कायमचा गेला, अशा गोष्टी मी नाटकात असताना ऐकल्यात.

गळ्याला उबदार फलाटीनची पट्टी बांधली. बोलायचं नाही असं बजावलं. काही हवं असेल तर पाटीवर लिहायचं. तिला आधी गंमत वाटली. दुपारी पाटी माझ्यासमोर धरली. "आई मी बरी हाय." मी ते पुसून तिला 'आहे' लिहायला लावलं.

संध्याकाळी हे म्हणाले, "अगं, बोलू दे की तिला. घर मुकं झाल्यासारखं वाटतंय."

म्हटलं, "तुम्हाला कळतं का गळ्यातलं काही?"

२० जानेवारी, रविवार

बन्सीदादाने पारूचं विचारलं. मी म्हटलं, आवाज बसलाय तो बसलाच, डॉक्टरांनी महिनाभर विश्रांती सांगितलीय. तोंडातून कसं निघालं कळलं नाही, पण एकदा निघाल्यावर खरंच वाटायला लागलं.

"मग तूच कर आता," तो म्हणाला. "फक्त एक सांगतो, कणी आता घाबरल्यासारखी बोलते. आधी नव्हती घाबरत."

म्हणजे माझ्या कामात खोली आहे. पारूला ते कुठून येणार, वय काय तिचं!

तंबाखूवाल्या बाईने आज मला संत्रं दिलं. बाई तशी वाईट नाही.

२६ जानेवारी, शनिवार

झेंड्याला पारू गेली, पण भाषण दुसऱ्या मुलीने केलं. तशी चिठ्ठी मीच दिली होती. गुरुजी येऊन म्हणाले, "वहिनी, पोरीला तालुक्याला दाखवा, इतके दिवस आवाज बसणं बरं नाही." मी म्हटलं, दाखवते.

पारू घरी आली, गणवेश घडी करून ठेवला. मी विचारलं, "कसं झालं त्या मुलीचं भाषण?" पाटी तिच्या हाताशी होती. तिने काही लिहिलं नाही.

३ फेब्रुवारी, रविवार

आजचं काम छानच झालं. कणी राक्षसाच्या कानात शिरून त्याला नाचवते तो प्रसंग. घरी आले तर माई आलेली. केळ्यांचा घड, पालेभाजी, सगळं ओट्यावर मांडून पारूची वेणी घालत बसली होती. पारूच्या गळ्याची पट्टी काढून तिने बाजूला ठेवली होती.

पारू पाणी भरायला गेली तशी माई म्हणाली, "पोरीच्या गल्याला काय बी झालेला नाय. मी हात लावून बघितला. मंदे, तू हिला गप का बसवलीस?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"डाक्तरचा नाव नको घेऊ. बन्सी तुला मुंबयला नेत होता, तवा मी नाय धाडली. तवा तू मला काय बोललीस, याद हाय? बोललीस, माझा चांगला झालेला तुला बगवत नाय."

"मग? खोटं होतं?"

माईने भाजीच्या जुडीची दोरी सोडली. "खोटा नव्हता," ती म्हणाली. "म्हनून तर तोच आता मला तुझ्या तोंडावर दिसतो."

मी तिला सांगितलं, चारची बस आहे. तिने पिशवी उचलली. पारू बादली घेऊन दारात उभी होती, तिने किती ऐकलं माहीत नाही. माई तिच्या तोंडावरून हात फिरवून निघून गेली.

काय बाई आहे! स्वतः मला खुंट्याला बांधून ठेवलं आणि आता मलाच शिकवायला आली. मी माईसारखी नाही. मी पारूला अडवलेलं नाही. मी फक्त तिचं काम सांभाळतेय.

५ फेब्रुवारी, मंगळवार

काल पट्टी परत बांधली नाही. सकाळी पारूला म्हटलं, "बोल आता. झालं बरं."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"अगं, बोल म्हणतेय ना. आई म्हण."

तिने तोंड उघडलं. नुसता वारा आला. मला वाटलं नाटक करतेय. दरडावलं, मग गोंजारलं, मग गूळ दिला. काही नाही. ह्यांनी तिला मांडीवर घेतलं, "पारूताय, बोल माजी बाय," तरी नाही. दूधवाला आला, तिने नुसतं भांडं पुढे केलं.

दुपारी डॉक्टरांकडे नेलं. चमचा घालून पाहिलं, दिवा लावून पाहिलं. "गळा एकदम साफ आहे. तीन आठवडे ही बोललीच नाही? कोणी सांगितलं होतं?"

हे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "तुम्हीच तर सांगितलंत."

"मी दोन दिवस सांगितले होते."

घरी येताना रिक्षात हे रस्त्याकडेच बघत होते. पारू आमच्या मध्ये बसली होती, आपला हात त्यांच्या हातात देऊन.

१० फेब्रुवारी, रविवार

पारूला घेऊन दादरला गेले. मनात होतं की पडद्यावर कणी दिसली की हिला राहवणार नाही. खोका मीच ओढून पुढे ठेवला, मीच तिला वर चढवलं. सगळे थांबले. पडद्यावर कणी आली, तोंड उघडलं. पारूनेही उघडलं. आवाज नाही. परत चित्र मागे नेलं. परत तेच. तिसऱ्यांदा तिची हनुवटी थरथरायला लागली, तरी ती खोक्यावरून उतरली नाही. तशीच उभी राहून प्रयत्न करत होती.

मला ते सहन झालं नाही. मी मध्ये शिरले. म्हटलं, "बंद करा ते. तिचा घसा दोन दिवसांत बरा झाला होता. मी बोलू दिलं नाही तिला."

खोलीत सगळ्यांनी ऐकलं. पारूनेही.

बन्सीदादाने दिवा लावला. "का?"

"मला करायचं होतं म्हणून."

"तुला करायचं होतं तर बोलायचंस," तो म्हणाला. "मेघाचं काम डिसेंबरपर्यंत रिकामं होतं. मी बायका शोधत फिरत होतो. तू त्या कोपऱ्यात उभी असायचीस, एकदा तरी म्हणालीस का, दादा मला काहीतरी दे?"

"तू विचारलं नाहीस."

"लग्नात विचारलं होतं. गातेस का म्हणून विचारलं होतं. तू गप्प राहिलीस, मी समजलो, सोडलं असशील."

मी गप्प नव्हते राहिले. मी सांगणारच होते. पण आता हे बोलून काय उपयोग होता?

तो रागावला नाही, त्याचंच जास्त लागलं. म्हणाला, तारखा गळ्याशी आल्यात, पुढचं काम तो मुंबईतल्या एखाद्या मुलीकडून करून घेईल. "पोरीला घरी ने. आणि तिला कामाला जुंपू नकोस. बोलेल तेव्हा बोलेल." तंबाखूवाल्या बाईने पारूला खोक्यावरून उतरवून घेतलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर मी पारूला म्हटलं, "चुकले मी." ती खिडकीबाहेर बघत होती. खाडीच्या पुलावर गाडीचा आवाज मोठा होतो, म्हणून पुलानंतर मी परत म्हटलं. ती वळली नाही.

बोईसरला हे स्टेशनवर आले होते. पारू धावत गेली, त्यांच्या पोटाला मिठी मारली आणि म्हणाली, "बाबा, भूक लागली."

ह्यांनी तिला उचललं. रडत होते. मी मागे पिशवी धरून उभी.

२ मार्च, शनिवार

पारू बोलते. ह्यांच्याशी, शाळेत, शेजारच्या भाभींशी हिंदीत, बाजारात भाजीवाल्या साखरबाईशी घासाघीससुद्धा करते. माझ्याशी नाही. मी काही विचारलं तर मान हलवते. मी सांगितलेलं सगळं काम करते, उद्धटपणा अजिबात नाही. उद्धटपणा केला असता तर बरं झालं असतं.

आज दुपारी बाजारातून आले तर आत हे आणि पारू दोघं हसत होते. ती गुरुजींची नक्कल करत होती. मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं. कुलपाची किल्ली हातात होती, दार उघडंच होतं, तरी मी उभी. भाभी म्हणाल्या, "अंदर जाओ ना दीदी." मी आत गेले तशी नक्कल थांबली.

ह्यांना काय येतं? कधी स्टेजवर पाय ठेवला नाही. आणि सगळं ह्यांच्याच वाट्याला.

७ एप्रिल, रविवार

'वज्रपंचक' सुरू झालं. भाभींच्या रंगीत टीव्हीसमोर अख्खी चाळ जमली. कणी बोलली आणि एकच गलका. "पारू! पारू!" पोरं तिला ढकलत होती, ती लाजून बाबांच्या पाठीमागे लपत होती.

काय बोलली आहे पोरगी! स्टुडिओत मी तिचे शब्द मोजत होते, चुका शोधत होते. आज चार लोकांत बसून पहिल्यांदा नीट ऐकलं. तिला कोणी शिकवलं नव्हतं. मी तर नाहीच.

पोटात दुखलंच. खोटं कशाला लिहू? पण दुखत असतानाही ऐकत राहावंसं वाटलं.

२८ एप्रिल, रविवार

आजपासून माझे भाग. बाटलीचा प्रसंग. मी दारापाशी बसले होते. पडद्यावर कणी काचेला हात लावून ओरडायला लागली, "मी हितंच हाय! बघा ना कोनीतरी!" एक लहान पोर रडायला लागलं.

भाभी म्हणाल्या, "क्या बोली है हमारी पारू!" सगळ्यांनी पारूच्या पाठीवर थाप मारली.

मला वाटलं, पारू आता सांगेल. सांगितलं असतं तर काय झालं असतं? लोकांनी विचारलं असतं, मग पारू का नव्हती? मी मान खाली घातली. ती उठली, सगळ्यांच्या मधून वाट काढत आली, आणि बाबांजवळची जागा सोडून माझ्या शेजारी दारापाशी बसली. बोलली नाही. थापा स्वतःच्या पाठीवर घेतल्या आणि कोणाला काही सांगितलं नाही.

१९ मे, रविवार

आज नवीन मुलीचा पहिला भाग. मला तो बघायचाच नव्हता. पण पारू तयार होऊन दारात उभी राहिली, आणि मी येईपर्यंत हलली नाही.

गेल्या दोन्ही रविवारांसारख्या आम्ही दारापाशी आपल्या जागी बसलो. कणी आली, तीच ती दोन वेण्यांची, झगा लोळवत, आणि तिच्या तोंडातून भलताच आवाज. गोड, टिपटॉप, प्रत्येक शब्द मोत्यासारखा. "मी लहान आहे म्हणून मला नेत नाही का?"

चाळीतल्या कोणाच्या काही लक्षात आलं नाही. भाभी पापड लाटत होत्या, पोरं बघत होती. मी मात्र ताठ झाले. शेजारी पारूही ताठ झाली होती. तिचा कोपर माझ्या कोपराला लागला.

कणीने उडी मारली, राक्षसाच्या खिशात शिरली आणि म्हणाली, "आता बघाच माझी गंमत!"

पारूच्या तोंडून श्वासाचा फुसकारा निघाला. पडद्यावरून नजर न काढता ती म्हणाली, "आई, हिला येत नाय."

मला वाटलं, मी हललेही तर ती परत बोलायची थांबेल. मीही पडद्याकडे बघत म्हटलं, "अजिबात येत नाही."

"खिशात शिरलीय. खिशातून असा आवाज येतो काय?"

"खिशातून दबका यायला हवा."

"आनि ती घाबरत पन नाय, चिडत पन नाय. नुसती गोड."

"साखरेत घोळलीय."

पारू हसली. तोंडावर हात दाबून, खांदे हलवत हसली. मग माझ्या कानाशी येऊन तिने ते वाक्य करून दाखवलं, खिशातून बोलल्यासारखं, रागाने. मी तिच्या कानात माझ्या पद्धतीने केलं. ती म्हणाली, "तुझा बरा हाय. पन माझा जास्त बरा हाय."

"हो," मी म्हटलं. "तुझा जास्त बरा आहे."

लागलं. तरी म्हटलं.

भाभींनी दटावलं, "चुप रहो दोनों!" आम्ही चूप बसलो, पण फार वेळ नाही. भाग संपेपर्यंत त्या बिचाऱ्या मुलीचं एक वाक्य आम्ही धड जाऊ दिलं नाही. घरी येतानाही तेच, जेवतानाही तेच. हे ताटावरून दोघींकडे आळीपाळीने बघत होते आणि भात वाढून घ्यायलाही विसरले.

ती मुलगी चांगलं करते. खरं म्हणजे फारच चांगलं करते. इथे लिहून ठेवते. पारूला सांगणार नाही.